अंगठ्याआधीचा तास

जुन्या मराठी कागदांवर ज्याला लिहिता येत नसे त्याची निशाणी असे. पाटलाच्या नावाशेजारी नांगर, शेट्याच्या नावाशेजारी तागडी. गोतसभेत सगळ्यांदेखत जे ठरलं त्याचाच महजर, म्हणजे निवाड्याचा कागद होई, आणि निशाणी करणारा माणूस काय ठरलं ते स्वतःच्या कानांनी ऐकून उठलेला असे. पुढे इंग्रजी अंमल आला. १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या तळहाताचा ठसा करारावर घेतला, १८९७ मध्ये कलकत्त्याला बोटांच्या ठशांची कचेरी निघाली, आणि हळूहळू नांगर-तागडीच्या जागी सगळीकडे अंगठा आला. अंगठ्यावरून माणूस तोच की दुसरा हे कळतं. कागदात काय लिहिलंय ते त्याला समजलं का, हे अंगठ्यावरून कळत नाही.

आमची फुलंब्री संभाजीनगरहून सिल्लोड-अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाचा. कचेरीची भाषा उर्दू, लोकांच्या तोंडी मराठी. माझ्या माहेरी पत्र्याच्या पेटीत आजोबांच्या वेळचे शेतीचे कागद आहेत. उर्दू मजकूर, वर स्टॅम्प, तळाशी जांभळट अंगठा. आजोबांना त्यातली एक ओळ वाचता येत नव्हती. वडिलांच्या वेळी कागद मराठीत आले, पण वडील शाळेत गेले नव्हते. आईचा अंगठा मी पाहिला तो दवाखान्यातल्या कागदावर, आणि तो कागद इंग्रजीत होता.

मी एएनएम म्हणून नोकरी केली. सगळी नोकरी ह्याच तालुक्यातल्या उपकेंद्रांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत गेली. बाबरा, गणोरी, आळंद, वडोद बाजार ही गावं पायाखालची. म्हाताऱ्या मला 'बाई' म्हणत, सुना 'सिस्टर', आणि पुरुष माणसं 'नर्सबाई'. हातात शाईचं पॅड घेऊन मी किती बायकांसमोर बसले असेन. निवृत्तीनंतर मिळेल ते वाचत गेले, ते एकाच प्रश्नापायी. ज्याच्या देहावर इलाज व्हायचा, त्यालाच विचारायचं ही रीत आपल्याकडे कधी आली, कुणी आणली, आणि ती खरंच आली का?

आपल्याकडे वैद्य कुणाला विचारतच नसत असं नाही. सुश्रुतसंहितेत मुतखड्याच्या शस्त्रकर्माचा भाग आहे. तिथे सुश्रुत सांगतो की शस्त्र लावलं नाही तर मरण ठरलेलं, लावलं तरी वाचण्याचा भरवसा नाही. तेव्हा शहाण्या वैद्याने आधी धन्याला, म्हणजे राजाला किंवा पालकाला विचारावं आणि मगच हात घालावा. आडव्या आलेल्या गर्भाच्या प्रकरणातही तेच. दीडदोन हजार वर्षांपूर्वी एका माणसाने शस्त्राचा धोका एवढ्या स्वच्छ शब्दांत मांडला याचा मला फार आदर वाटतो. दोन्ही बाजूंनी काय होऊ शकतं ते आधी सांगायचं, हे संमतीचं बीज तिथे आहे. फक्त विचारायचं ते धन्याला. पोटात खडा असलेल्या माणसाला किंवा अडलेल्या बाईला विचारल्याचा उल्लेख नाही.

चरकसंहितेत विद्यार्थ्याला दीक्षा देताना गुरू जे नियम सांगतो, तेही वाचण्यासारखे आहेत. रोग्याच्या घरातली गोष्ट बाहेर बोलायची नाही, हे आजच्या नर्सिंगच्या पुस्तकातही आहे. नवरा किंवा पालक हजर नसेल तर बाईवर उपचार करायचा नाही, हेही तिथेच. आणि रोग्याचं आयुष्य सरत आलंय हे कळलं तरी, जिथे सांगितल्याने त्याला किंवा इतरांना धक्का बसेल तिथे ते बोलायचं नाही. हा शेवटचा नियम आमच्या तालुक्यात अजून जसाच्या तसा जिवंत आहे. संभाजीनगरच्या घाटी दवाखान्यातून गाठीचा रिपोर्ट आला की घरचे दारातच गाठतात: "बाई, तिला सांगू नका हां. आमाला सांगा." मायेपोटी म्हणतात, त्यात शंका नाही. पण जिचं आयुष्य सरत चाललंय तिला मुलीला भेटायला जायचं असतं, कानातलं कुणाला द्यायचं ते ठरवायचं असतं. ते ती कधी ठरवणार?

आता देवीकडे येते, कारण सरकारी आरोग्यखातं गावाच्या दारात पहिल्यांदा उभं राहिलं ते देवी काढायला. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला जेन्नरची लस टोचली. हिंदुस्थानातलं हे पहिलं यशस्वी लसीकरण. तेव्हा लस बाटलीतून येत नव्हती. एका मुलाच्या दंडावर फोड आला की त्यातली लस काढून दुसऱ्याच्या दंडावर टोचायची. म्हणजे लस एका गावाहून दुसऱ्या गावाला न्यायची तर लेकरूच न्यावं लागे. कुणाची लेकरं न्यायची हे गरिबीवर ठरे. १८८० चा लसीकरण कायदा आला आणि जिथे तो लागू झाला तिथे आईबापांना लेकरू पुढे करणं बंधनकारक झालं.

गावात त्या माणसाला 'देवी डॉक्टर' म्हणत. तो शिवेवर दिसला की लेकरं कणगीमागे दडायची. साठीपुढच्या कुठल्याही माणसाची बाही वर केली की दंडावर ते गोल वण दिसतात. माझ्याही दंडावर आहेत. बायका का लपवायच्या हे त्या काळच्या साहेबांनी 'अंधश्रद्धा' या एका शब्दात संपवलं. आमच्या म्हाताऱ्यांकडून मी ऐकलंय ते असं: टोचल्यावर ताप यायचा, दंड पिकायचा, लेकरू अंगावर प्यायचं नाही, आणि ताप कशाने आला, किती दिवस राहील हे सांगायला तो माणूस थांबायचा नाही. देवी अंगात आली तर घरात काय करायचं हे बायकांना ठाऊक होतं: लिंबाचा पाला, थंड अन्न, घरात बोलणं हळू. टोचलेल्याचं काय करायचं हे कुणी सांगितलंच नाही. विश्वास ठेवायला माणसाला काहीतरी सांगावं लागतं.

देवीचा रोग गेला. मे १९७५ नंतर आपल्या देशात स्थानिक रोगी सापडला नाही आणि ८ मे १९८० ला जागतिक आरोग्य संघटनेने जगातून देवी गेल्याचं जाहीर केलं. मानवजातीने केलेल्या चांगल्या कामांत हे काम फार वरचं आहे. तरी शेवटच्या दोन वर्षांत, १९७३ ते ७५ मध्ये, काही ठिकाणी रात्री घरात शिरून, धरून माणसांना टोचलं गेलं, हेही लिहून ठेवलेलं आहे. एवढ्या मोठ्या भल्यासाठी एवढी जबरदस्ती चालावी का, यावर मी खूप विचार केलाय. घरात देवीचा रोगी असेल तर शेजारच्या लेकराचाही हक्क असतो, म्हणून साथीत 'माझा देह, माझी मर्जी' एवढ्यावर भागत नाही, असं मला वाटतं. पण जबरदस्तीची सवय साथ संपली म्हणून संपत नाही. १९७३ साली कर्तारसिंग समितीने सुचवलं की देवीचा वेगळा, हिवतापाचा वेगळा, कुटुंबनियोजनाचा वेगळा असे कर्मचारी न ठेवता एकच बहुउद्देशीय कर्मचारी ठेवावा. सूचना शहाणपणाची होती. त्यामुळे काय झालं, तर जो माणूस कणगीमागून लेकरू ओढून काढायचा, त्याच्याच हातात दोन वर्षांनी नसबंदीचं उद्दिष्ट आलं.

देवीच्या या लांबलचक कथेच्या मध्येच प्लेग होऊन गेला होता. पुण्यात १८९७ मध्ये रँडच्या प्लेग समितीने गोऱ्या सोजिरांकडून घरं तपासली, बायामाणसांना तपासायला बाहेर काढलं. पंडिता रमाबाईंनी प्लेगच्या दवाखान्यातल्या बायकांच्या हालांबद्दल वर्तमानपत्रात लिहिलं. त्याच साली मार्चमध्ये रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या, आणि २२ जूनला चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली. ती कथा मराठी माणसाला शाळेपासून ठाऊक आहे. त्याच वर्षी मुंबईला हाफकिनने आपली प्लेगची लस १० जानेवारीला आधी स्वतःला टोचून घेतली आणि नंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना. स्वतःला टोचून घेतली याबद्दल त्यांना नमस्कार. पण कुलपात असलेला माणूस 'हो' म्हणतो तेव्हा त्याच्यापुढे दुसरा रस्ता कोणता असतो? आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, निजामाच्या मुलखातल्या सिकंदराबाद छावणीत, रोनाल्ड रॉसने हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रोग्याला डास चाववून घेतले. मोबदला डासामागे एक आणा. त्या डासांत २० ऑगस्टला रॉसला हिवतापाचे जंतू दिसले, १९०२ साली त्याला नोबेल मिळालं. हुसेन खानचं पुढे काय झालं याची वास्तपुस्त कुणी घेतल्याचं माझ्या वाचनात नाही.

आणीबाणी मात्र मी पाहिली. मी शाळेत होते. आमच्याकडे मास्तरांना 'केस' आणायला सांगितलेलं होतं. 'केस' म्हणजे नसबंदीला तयार झालेला माणूस. केस नसेल तर पगार अडायचा, बदली व्हायची. रस्त्यावर जीप दिसली की बापे ज्वारीत शिरायचे. रात्री घरी झोपत नव्हते. मळ्यात, गोठ्यात, दुसऱ्याच्या शेतात झोपायचे. आई भाकरी बांधून द्यायची आणि आम्हाला बजावायची, कुणी विचारलं तर दादा पाहुण्याच्या गावाला गेलेत म्हणून सांगा.

तेव्हा मुख्यमंत्री होते शंकरराव चव्हाण, आमच्याच मराठवाड्याचे, पैठणचे. १६ एप्रिल १९७६ ला केंद्राचं लोकसंख्या धोरण जाहीर झालं. त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक मंजूर केलं. देशात अशा सक्तीच्या कायद्यापर्यंत पोचलेलं हे पहिलं राज्य. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून ते अमलात आलं नाही. कायदा नव्हता, तरी काम थांबलं नाही. जानेवारी १९७६ मध्ये बार्शीला दहा दिवसांत हजार नसबंद्यांचा चंग बांधून बाजाराला आलेली माणसं रस्त्यावरून गोळा केली गेली. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालातले आकडे आहेत: १९७६-७७ मध्ये महाराष्ट्राला उद्दिष्ट दिलं होतं ५ लाख ६२ हजार, झाल्या ८ लाख ३३ हजार. सगळ्या देशात ८१ लाखांवर. त्या लाखो लोकांच्या नावापुढे संमतीपत्र होतं. फाइल तपासली तर प्रत्येकाने 'राजीखुशीने' नसबंदी करून घेतलेली.

१९७७ ला सरकार पडलं आणि पुरुषांची नसबंदी जवळजवळ बंद पडली. आमच्या खात्याने मग बायकांकडे मोर्चा वळवला. माझी नोकरी त्याच काळात सुरू झाली. उद्दिष्ट तेच, 'केस' हा शब्द तोच, फक्त आता केस म्हणजे बाई. इतिहास लिहिणारे आणीबाणीपाशी थांबतात, कारण तिथे पुरुष पळताना दिसतात. बायका पळाल्या नाहीत म्हणून त्यांचा इतिहास झाला नाही.

शिबिरं हिवाळ्यात व्हायची. सकाळपासून उपाशी बायका केंद्राच्या ओट्यावर, तान्हं लेकरू सासूच्या मांडीवर. त्यांचा आपसात एकच प्रश्न: "दुर्बिणीचं का टाक्याचं?" म्हणजे पोटाला छोटं भोक पाडून करायचं की चिरून टाके घालून. डॉक्टर शहरातून यायचे, उशिरा यायचे, आणि आले की घाई. त्या घाईत कागद पुढे यायचा. बाई विचारायची, "अंगठा कुठं लावू?" तिने आणखी काही विचारावं अशी कुणाची अपेक्षाच नव्हती. एखादीने विचारलं तर मागून कुणीतरी म्हणायचं, "आगं, त्या शिकलेल्या हायेत, त्यांना कळतं." ऑपरेशननंतर खाली सतरंजीवर ओळीने झोपवायचे. हे एका केंद्राचं नाही. त्या काळी सगळीकडे असंच चाले.

मी एक शिरस्ता ठेवला होता आणि तो एका जुन्या सुईणीकडून शिकले होते. बाळंतपणाच्या वेळी ती बाईला पुढे काय होणार ते सांगायची आणि मग म्हणायची, "आता तू मला सांग, काय म्हणले मी?" मी शिबिराच्या आदल्या दिवशी घरी जायचे. हे कायमचं आहे, परत उघडता येत नाही. शंभरातल्या एखादीला तरीही दिवस जाऊ शकतात. पाळी चालूच राहील. नको वाटलं तर नको म्हण, तुझं लेकराचं लसीकरण आणि गोळ्या बंद होणार नाहीत. एवढं सांगून झालं की तिच्याकडून वदवून घ्यायचे. त्यात कळायचं की 'पाळी चालूच राहील' हे तिला पहिल्यांदाच ठाऊक होतंय. बऱ्याच जणी म्हणायच्या, "मह्या नवऱ्याला इचारा, मह्या सासूला इचारा." मी म्हणायचे, त्यांना विचारीन, पण आधी तू सांग. त्यावर काही बायका गप्प बसायच्या. तुला काय हवंय, हे त्यांना त्याआधी कुणी विचारलेलंच नसायचं.

नवऱ्याच्या सहीचं खूळ फार जुनं आहे आणि कायद्याने ती सही कधीच मागितलेली नाही. गर्भपाताचा कायदा १९७१ चा. महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शहा यांच्या समितीने १९६६ मध्ये दिलेल्या अहवालावर तो उभा आहे. त्यात सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची, सासऱ्याची, कुणाचीच लागत नाही. पन्नास वर्षांहून जास्त काळ हा कायदा असताना दवाखान्याच्या खिडकीत 'मिस्टर कुठेत?' हा प्रश्न अजून ऐकू येतो.

आणि तरीही संमती म्हणजे सगळं नव्हे, हे आमच्याच जिल्ह्याने दाखवलं. १९८८ साली गर्भलिंग तपासणीवर बंधन घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने केला. केंद्राचा १९९४ मध्ये आला. २००१ च्या जनगणनेत औरंगाबाद जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८९० मुली होत्या, २०११ मध्ये ८५८ राहिल्या. शेजारच्या बीडमध्ये ८०७. त्या प्रत्येक तपासणीला बाईने मान हलवलेली असणार. दोन मुलींनंतर तिसरीचं पोट घेऊन उभ्या असलेल्या बाईची मान कोण हलवतं, हे गावात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. म्हणून तिथे कायद्याने तिची संमती विचारातच घेतलेली नाही, डॉक्टरला थेट मनाई केली आहे. हे बरोबर केलं असं माझं ठाम मत आहे. जिथे 'नाही' म्हणण्याची सोय नाही तिथे 'हो' मोजायचं कशाला?

कोर्टांना हे उशिरा, पण नीट उमगलं. दिल्लीच्या समीरा कोहली तपासणीसाठी दुर्बीण घालायला म्हणून दाखल झाल्या. त्या भुलीत असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजाशय काढून टाकलं. १६ जानेवारी २००८ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ज्या गोष्टीसाठी होकार दिला त्यापुरताच तो होकार; रोगी शुद्धीवर येण्यासारखा असेल आणि जिवाचा धोका नसेल तर थांबायला हवं होतं. हा निकाल वाचताना मला आमच्या ओट्यावरच्या बायका आठवत होत्या.

पुढच्याच वर्षी, निजामाच्या जुन्या मुलखातल्याच खम्मम जिल्ह्यात, गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस मुलींना टोचण्याचा एक प्रकल्प झाला. बऱ्याच मुली आदिवासी, वसतिगृहात राहणाऱ्या. काही मुली दगावल्या; मृत्यूंचा लशीशी संबंध नसल्याचं चौकशीत सांगितलं गेलं, आणि ती लस कामाची आहे हे मीही मानते. पण संसदीय समितीने २०१३ च्या अहवालात संमतीपत्रं मोजली. आंध्रातल्या ९,५४३ कागदांपैकी १,९४८ वर अंगठे होते आणि २,७६३ वर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या. धन्याला विचारायची रीत गेली नव्हती; धन्याच्या खुर्चीत वॉर्डन बसला होता.

नसबंदीच्या शिबिरांचा निकाल लागायला २०१६ उजाडलं. बिहारच्या अररिया जिल्ह्यात जानेवारी २०१२ मध्ये एका शाळेत रात्री, टॉर्चच्या उजेडात, बाकांवर झोपवून दोन तासांत ५३ बायकांची ऑपरेशनं झाली. त्यावर देविका बिस्वास सर्वोच्च न्यायालयात गेल्या. खटला चालू असताना नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूरला अशाच शिबिरानंतर १३ बायका दगावल्या. १४ सप्टेंबर २०१६ च्या निकालात शिबिरं तीन वर्षांत बंद करा असं सांगितलं. त्याच निकालात एक बारीक गोष्ट आहे, वर्तमानपत्रांनी तिच्याकडे फारसं पाहिलं नाही. ऑपरेशनची सगळी माहिती बाईला तिच्या भाषेत समजावून सांगावी, आणि नंतर तिला साधारण तासभर वेळ द्यावा, म्हणजे तिचं मन बदललं तर बदलायला सवड राहील. एक तास. इतक्या वर्षांच्या सरकारी कागदांत बाईच्या मनाला दिलेला एवढा एकच तास मला सापडला. एवढी साधी, घरातल्या मोठ्या बाईला सुचेल अशी गोष्ट देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला लिहावी लागली.

परिचारिका म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानभाग. २७ नोव्हेंबर १९७३ च्या हल्ल्यानंतर त्या बोलू शकल्या नाहीत. त्यांना जगू द्यावं की जाऊ द्यावं, हे त्यांना विचारता येत नव्हतं. ७ मार्च २०११ ला न्यायालय म्हणालं की याचिका करणारी व्यक्ती नव्हे, तर इतकी वर्षं रात्रंदिवस सांभाळणाऱ्या केईएमच्या परिचारिका आणि कर्मचारी हेच त्यांचे जवळचे. त्यांनी 'आम्ही सांभाळू' म्हटलं, आणि १८ मे २०१५ पर्यंत सांभाळलं. एवढ्या वर्षांत अरुणांच्या अंगाला जखम होऊ दिली नाही असं म्हणतात, आणि कूस बदलायचं काम केलेल्या कुणालाही त्याची किंमत कळेल. मरणाआधी आपली इच्छा लिहून ठेवायचा हक्क २०१८ च्या निकालाने दिला, २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. फुलंब्रीत तो कागद केलेला माणूस अजून मला भेटायचा आहे.

आता बीड. २०१९ मध्ये ऊसतोड करणाऱ्या बायकांची गर्भपिशवी काढण्याचं प्रकरण वर आलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ पिशव्या काढल्याचा आकडा पुढे आला. कित्येक बायका चाळिशीच्या आतल्या. सगळीकडे संमतीपत्रं होती. बाईला अंगावरून पांढरं जायचं, कंबर दुखायची, म्हणून ती गेलेली. तिला सांगितलं, पिशवी खराब झाली, काढली नाही तर कॅन्सर होईल. कॅन्सर ऐकल्यावर कुणाचा अंगठा थांबेल?

पांढरं जाणं काही पिशवी काढायचं कारण नव्हे. गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या बायका तपासल्या, १९८९ साली ते छापून आलं: ९२ टक्के बायकांना अंगावरचा काही ना काही आजार, आणि त्याआधी तपासणी झालेली जेमतेम आठ टक्क्यांची. बहुतेक आजार औषधगोळ्यांनी बरे होणारे. जिला आयुष्यात कुणी तपासलेलं नाही, तिच्यापर्यंत पोचलेला पहिला उपचार थेट मोठं ऑपरेशन असतो. त्यात बीजाशयही गेलं तर तिशीतच पाळी गेलेल्या बाईसारखं अंग होतं, हाडं ठिसूळ होतात, आणि तिला पुढची वीस वर्षं मोळी उचलायची असते.

आणि त्या होकाराला उचल बांधलेली असते. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात. मुकादम हंगामाआधी उचल देतो, ती फेडल्याशिवाय सुटका नाही. एक दिवस पाळीत पोट दुखलं, फडात गेली नाही, तर खाडा, पैसे कापणार. खोपीजवळ न्हाणी नाही, संडास नाही, कपडा बदलायला आडोसा नाही. ती बाई स्वतःच म्हणते, काढून टाका एकदाची कटकट. तिच्या तोंडचं वाक्य खरं आहे, आणि ते खोपीने, खाड्याने आणि उचलीने तिच्या तोंडी घातलेलं आहे, हेही खरं आहे. संमतीपत्रावर उचलीचा रकाना नसतो.

प्रकरण गाजल्यावर जिल्ह्यात बंधन आलं: जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय गर्भाशय काढायचं नाही. त्याने काही पिशव्या वाचल्या असतील आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण पुन्हा वरच्यालाच विचारलं गेलं. सुश्रुताचा धनी, आणीबाणीतला उद्दिष्टाचा कागद, खम्ममचा वॉर्डन, आणि आता अधिकाऱ्याचा शिक्का. बाईला फडात पाणी मिळावं, गोळ्यांचा उपचार आधी मिळावा, आणि मग समोर बसवून तिला विचारावं, हे काम त्या शिक्क्याने होत नाही.

आमच्या जिल्ह्यातूनही ऊसतोडीला टोळ्या जातात. म्हणून तालुक्यातल्या आशांनी बोलावलं की मी जाते आणि त्यांना सांगते, पिशवी काढायला सांगितलेल्या बाईला दवाखान्यात गेल्यावर काय विचारायचं ते शिकवा. नेमकं झालंय काय, आधी गोळ्या देऊन पाहिल्या का, बीजाशय ठेवणार का, आणि आज नाही म्हटलं तर महिन्यात काय बिघडेल. मग तिच्याकडून ते परत म्हणवून घ्या. सोबत सासू किंवा नवरा असेल तर त्यांनाही बसवा, पण उत्तर तिच्याच तोंडून घ्या. टोळ्या दसऱ्यानंतर हलतात. उचल हातात पडल्यावर आणि गाडी दारात लागल्यावर कुणाला तासभर मिळत नाही, म्हणून हे सगळं बोलणं आम्ही भादव्यातच उरकून घेतो.